एकशेसाठावा बेसेक

जावातल्या आमच्या विद्यापीठात पाय ठेवला त्याच्या तिसऱ्याच दिवशी मला कळलं, की मुख्य इमारतीतल्या बू सुकेसी (आमच्याकडे बाईंना 'बू' म्हणतात) मीटिंगांचे उरलेले खाऊचे डबे घरी नेतात, दारात टेबल मांडून विकतात, आणि त्याच पैशांवर त्यांनी ती निळी मोटरसायकल घेतली आहे. सांगणारी मुलगी इतक्या खात्रीने सांगत होती, की जणू ते टेबल रोज तीच पुसत होती. मीही पुढे चौघांना सांगितलं, आणि तेही बू सुकेसींच्याच आवाजात, चष्म्यावरून बघत: "सही केली का? सही केल्याशिवाय डबा नाही!" पोरं हसून लोळली.

पुढचं वर्ष मी त्यांच्या टेबलासमोरच्या बाकावर काढलं, म्हणून आता खरं काय ते लिहिते. निळी मोटरसायकल त्यांच्या नवऱ्याची. ते वारले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. चढावर ती गाडी इतकी खोकते की मागून येणारे घाबरून उतरतात. डबे उरतात, हे खरं. पण मीटिंग संपल्यापासून वीस मिनिटांत ते फाटकावरच्या रखवालदारांना, गाड्यांपाशी ताटकळलेल्या ड्रायव्हरांना आणि झाडूवाल्या बायकांना पोचतात. घरी जातो तो एकच, बू सुकेसींच्या स्वतःच्या वाट्याचा. घरी त्यांची ऐंशी ओलांडलेली आई आहे. ती डबा मांडीवर घेऊन आधी विचारते, "आज कोणाची मीटिंग होती?" उत्तर मिळाल्याशिवाय झाकण उघडत नाही.

बू सुकेसी एकतीस वर्षं गृहव्यवस्था विभागात. म्हणजे खुर्च्या, माईक, चहा आणि खाऊ. आमच्याकडे मीटिंग म्हटली की हजेरीच्या कागदावर सही आणि सहीमागे खाऊचा डबा आलाच. पुठ्ठ्याच्या खोक्यात चिकट भाताचा लेम्पर, एखादा तळलेला पदार्थ, एक रंगीत गोड वडी, एक हिरवी मिरची, आणि शेजारी पाण्याचा सीलबंद प्लॅस्टिकचा पेला. प्रत्येक पदार्थ प्लॅस्टिकमध्ये, नळी प्लॅस्टिकची, नळीवरचं वेष्टनही प्लॅस्टिकचंच. मोठ्या सभेला एकशेसाठ डबे. दुसऱ्या दिवशी सभागृहामागे कचऱ्याच्या पिंपांची रांग लागायची आणि वारं सुटलं की पेले घरंगळत थेट कृषी विभागाच्या भाताच्या वाफ्यात जायचे. भात लावणारी मुलं चिखलातून रोपांबरोबर पेले उपटायची.

हरित समिती त्यातूनच निघाली. प्रमुख होता मास गालिह, म्हणजे गालिहदादा, चौथ्या वर्षाचा, जकार्ताचा, दर वाक्यामागे एक तक्ता दाखवणारा. त्याने मला समितीत घेतलं ते माझे विचार ऐकून नव्हे. उपाहारगृहात मी उपकुलगुरू पाक मार्गोनोंची, म्हणजे मार्गोनो सरांची, नक्कल करत होते, आणि तो पाठमोरा बसलेला ताडकन उठून उभा राहिला आणि वाकून नमस्कार करता झाला.

"तू वेनिंग ना?" मागाहून तो म्हणाला. "तुला ऑफिसातल्या माणसांची भाषा येते. मला येत नाही. मी बोललो की सगळे हसतात, मान डोलावतात, आणि पुढे काहीच होत नाही."

आमची मागणी एकच होती. विद्यापीठाच्या मीटिंगांमध्ये प्लॅस्टिक नको. पाक मार्गोनोंची एक सही झाली की नियम सगळ्या विभागांना लागू. आम्ही सहा जण त्यांच्यापुढे ओळीने बसलो. त्यांनी मास गालिहचे चौदा तक्ते शांतपणे पाहिले.

"तत्त्वतः," ते म्हणाले, "तत्त्वतः मला हे मान्य आहे."

मास गालिहचा चेहरा उजळला. माझा पडला. पाक मार्गोनो जेव्हा 'तत्त्वतः' म्हणतात तेव्हा ती गोष्ट व्हायची नसते.

"तत्त्वतः आपण प्रयोग करून पाहू. दोन सभा देतो तुम्हाला. जमलं तर सही. नाही जमलं तर समितीने झाडं लावावीत. झाडांबरोबर फोटोही चांगले येतात."

आता बू सुकेसी. त्याच आमच्या मार्गातली धोंड, असं आम्ही धरून चाललो होतो. डब्यांची ऑर्डर त्यांच्या हातची, पेल्यांची गोदामं त्यांच्या किल्लीची. आमचं पहिलं पत्र घेऊन मी गेले, तर त्यांनी लाल पेन काढलं.

"हे काय, 'प्लॅस्टिकबंदी'?"

"बंदीच हवीय ना, बू."

"नदुक, पोरी, बंदी म्हटलं की जो तो आपला हक्क आठवतो. कायद्याच्या डीनना पेला आवडतही नाही, पण बंदी वाचली की त्यांना तहान लागेल." त्यांनी शब्द खोडला. "काय बंद करणार ते लिहू नका. काय देणार ते लिहा. पाणी कशात देणार?"

 आम्ही त्याचा विचारच केला नव्हता. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा उचलला, मला गोदामात नेलं आणि एका कपाटाचं दार ओढलं. आत काचेचे ग्लास, प्रत्येकावर पत्र्याचं झाकण, तीनशे तरी असतील. वर्तमानपत्रात गुंडाळलेले. पूर्वी मीटिंगला चहा यातूनच जायचा.

"बू, हे तुम्ही इतकी वर्षं जपून ठेवलेत?"

"फेकून द्या असा कागद कोणी काढला नाही," त्या म्हणाल्या.

पेल्यांचा प्रश्न तिथेच मिटला. राहिला खाऊ. मास गालिहने ठरवलं की डबेच नकोत. लांब टेबल मांडायचं, ताटल्या ठेवायच्या, ज्याने त्याने वाढून घ्यायचं. बू सुकेसींनी सगळं ऐकून घेतलं.

"करा," त्या म्हणाल्या. "ताटल्या मी देते. पण..."

"पण काय, बू?"

"काही नाही. करा."

मी त्यांचं ते 'काही नाही' त्या संध्याकाळी समितीला करूनही दाखवलं, ओठ मिटून, ओढणी सावरल्यासारखा हात फिरवून. सगळे हसले. त्या 'काही नाही'चा अर्थ एकालाही लागला नाही. आणि मास गालिह सोडला तर आम्ही पाचही जण इथलेच, जावानीजच. आम्हाला कळायला हवं होतं.

पहिली सभा. टेबलावर केळीच्या पानावर रचलेले लेम्पर, वाफाळता चहा झाकणाच्या ग्लासांत, दृश्य असं की मास गालिह फोटो काढत सुटला. मध्यंतर झालं. पाक मार्गोनो माईकवर म्हणाले, "सर्वांनी कृपया घ्यावं."

कोणी उठलं नाही.

सगळ्यात वडील प्राध्यापक उठल्याशिवाय त्यांच्याहून लहानांनी कसं उठायचं? सगळ्यात वडील होते पाक सुवार्दी, आणि ते गाढ झोपले होते. त्यांना जागं कोणी करायचं? त्यांच्याहून मोठा माणूस सभागृहात नव्हता. एकशेचाळीस शिकलेली माणसं पंचवीस मिनिटं लेम्परकडे प्रेमाने बघत बसली. "तुम्ही व्हा पुढे." "छे छे, तुम्ही आधी." "माझं आत्ताच झालंय." हे शेवटचं म्हणणाऱ्या मॅडमच्या पोटातला आवाज मला दुसऱ्या रांगेपर्यंत ऐकू आला, आणि तो मी आजही हुबेहूब काढू शकते. घंटा वाजली. पाक सुवार्दी जागे झाले, ताजेतवाने दिसले, आणि सभा पुढे सुरू झाली.

शेवटी सगळे रिकाम्या हाताने बाहेर पडले. दाराशी बू सुकेसी उभ्या होत्या, एकतीस वर्षं असतात तशाच, पण आज हातांत द्यायला काही नव्हतं. त्यांनी हात पोटाशी धरले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझं नकला करायचं मनच गेलं.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठभर झालं, हरित समितीने प्रोफेसरांना उपाशी मारलं.

"आता तरी सांगा," मी त्यांच्या बाकावर बसून म्हटलं. "त्या 'पण'च्या पुढे काय होतं?"

"तू कधी कोणाला मीटिंगमध्ये डबा उघडताना पाहिलंस?"

मी आठवू लागले. चहा पिताना पाहिलं होतं. डबा मात्र प्रत्येकाच्या पायाशी, नाहीतर मांडीवर. बंद.

"तो डबा इथे खायचा नसतोच, नदुक. गणिताच्या पाक येकोंची धाकटी घराच्या फाटकात उभी असते. बाप दिसला की बापाकडे नाही, हाताकडे बघते. काल तो माणूस मागच्या गल्लीने घरी गेला. मी एकतीस वर्षांत माझ्या दारातून कोणाला रिकामं पाठवलं नव्हतं." त्यांनी चष्मा पुसला. "तुमचं चुकलं नाही. तुम्ही कचरा मोजलात. तो डबा कुठे जातो, तेवढं बघायचं राहिलं."

पुढच्या महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. आम्हाला एक सभा उरली होती, आणि एका सभेत जमलं नाही तर आम्ही झाडांबरोबर फोटोत.

तोडगा त्यांनीच काढला, तोही बोलून नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर एक बेसेक आणून ठेवला. बांबूच्या पट्ट्यांची विणलेली, झाकणाची चौकोनी डबी. आमच्याकडे कोणाच्या घरी पूजा-प्रार्थनेचं जेवण असलं की शेजाऱ्यांबरोबर घरी पाठवायचं अन्न यातच जातं. आत केळीचं पान घातलं की डबी खराब होत नाही.

"हात रिकामे नाहीत आणि प्लॅस्टिकही नाही!" मास गालिह ओरडला. "पण बू, दर सभेला एकशेसाठ नवे बेसेक? तेही कचऱ्यातच जाणार."

"नवे कशाला? परत येतील."

"प्रत्येकावर कोडचा स्टिकर लावू. कोणी नेला, कधी नेला, सगळं फोनवर. नाही आणला तर आठवणीचा मेसेज."

"नाही."

"निदान वहीत नावं?"

"लिहून घेतलं की ते सरकारी सामान झालं," बू सुकेसी म्हणाल्या. "सरकारी सामान लोक कपाटात ठेवतात. नाही लिहून घेतलं, तर तो कोणाच्या तरी घरचा डबा. घरचा डबा कोण ठेवून घेईल?"

मला हसू आवरेना. मी वर्षभर या लोकांचे आवाज गोळा करत होते. पेन परत न करणारे, छत्री बदलून नेणारे, ग्रंथालयाचं पुस्तक तीन वर्षं उशाशी ठेवणारे. "बू, निम्मेसुद्धा येणार नाहीत."

"सगळे येतील."

"पैज?"

"लाव. तू जिंकलीस तर माझ्या माईकवरून पाक मार्गोनोंच्या आवाजात एक सूचना दे, मी ऐकलंच नाही म्हणेन. मी जिंकले तर माझ्या शेवटच्या सभेला दाराशी माझ्या जागी तू उभी राहायचंस. तुझ्या स्वतःच्या आवाजात."

"निम्म्याहून जास्त आले की तुम्ही जिंकलात."

"नाही," त्या म्हणाल्या. "एकशेसाठ. एक कमी आला तरी मी हरले."

आणि हेच त्या पाक मार्गोनोंपुढेही बोलल्या. त्यांनी भुवया उंचावल्या. "तत्त्वतः, बू सुकेसी, एक कमी आला तर?"

"तर पोरांच्या कागदावर सही करू नका, पाक."

मास गालिहने माझा दंड असा आवळला की वळ उठला. आमचा सगळा नियम या बाईने आपल्या एका वाक्यावर टांगून ठेवला होता, आणि मी त्याच वाक्याविरुद्ध पैज लावून बसले होते.

दुसरी सभा छान झाली. दाराशी बू सुकेसी बेसेक देत होत्या, आणि पहिल्यांदाच मी जवळ उभी राहून नीट ऐकलं. 'सही केली का' हे त्या एकदाच म्हणायच्या, रांगेच्या सुरुवातीला, मोठ्याने. मी वर्षभर तेवढंच उचललं होतं. बाकी प्रत्येकाला हळू आवाजात विचारायच्या, "घरी कोण आहे?" कोणी म्हणे, सासूबाई आल्यात. कोणी म्हणे, बायको गावी गेलीय, एकटाच. एकट्याच्या बेसेकात एक लेम्पर जास्त पडायचा. पाक येकोंना काही विचारलं नाही, नुसता लाल दोऱ्याने बांधलेला बेसेक दिला. उरलेले रखवालदार, ड्रायव्हर, झाडूवाल्या यांना गेले, आणि आम्हा पोरांनाही एकेक मिळाला.

तीन आठवड्यांनी बू सुकेसींची शेवटची सभा, बेसेक परत यायचा तोच दिवस. मी सकाळपासून दाराशी, जिंकायच्या तयारीत. सूचना पाठ झाली होती: "तत्त्वतः आज सर्वांना सुट्टी आहे."

पहिल्या आल्या त्या पोटाच्या आवाजाच्या मॅडम. पर्स उघडली, इकडेतिकडे पाहिलं, बेसेक पटकन टेबलावर ठेवला आणि सटकल्या. बू सुकेसींनी झाकण उचललं. आत मूठभर लाल मिरच्या.

मग रांगच लागली. कोणाच्या बेसेकात लिचीसारखी केसाळ रामबुतान, कोणाच्यात शेंगदाण्याच्या कुरकुरीत चकत्या, कोणाच्यात दारच्या झाडाची फुलं. आमच्याकडे शेजारचं भांडं कोणी रिकामं परत करत नाही, हे मला जन्मापासून माहीत होतं. फक्त विद्यापीठही कोणाचं तरी शेजारी असू शकतं, हे सुचलं नव्हतं. पाक येकोंच्या बेसेकात चित्र होतं, एका बाईचं, तिच्या हातात डबा आणि डब्यापेक्षा मोठा चष्मा. ड्रायव्हर आले, रखवालदार आले. एका झाडूवालीने लिंबं आणली. शेवटी पाक मार्गोनो स्वतः, बेसेक दोन्ही हातांनी धरून.

"ही तत्त्वतः खारवलेली अंडी आहेत," ते म्हणाले. "आमच्याच बदकांची."

मास गालिहने मोजले. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजताना त्याच्या कपाळावर घाम होता.

"एकशे एकोणसाठ."

पाक मार्गोनोंनी घड्याळ पाहिलं, मग बू सुकेसींकडे पाहिलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. "सभा संपेपर्यंत थांबतो मी. त्यानंतर... तुम्हीच म्हणाला होतात, बू."

"हो, पाक. मीच म्हणाले होते."

ते आत गेले. "कोण असेल?" मास गालिह रडवेला झाला. मी लगेच कायद्याच्या डीनचा आवाज काढला, "माझ्या माहितीनुसार परत करण्याची कोणतीही कायदेशीर तरतूद नाही..."

"त्यांनी आणला," बू सुकेसी म्हणाल्या. "केळी होती त्यात."

"मग तुम्हाला माहीत आहे कोणाकडे आहे ते?"

"आहे."

"सांगा ना! मी पळत जाऊन आणतो!"

"नाव नाही घेणार. ज्याचं त्याला आठवेल." आणि त्या लेम्परसाठी केळीची पानं पुसायला बसल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतकं ठरवून पाहिलं नाही, की मीच माझा बेसेक आठवू लागले.

माझे मोजे.

माझ्या खोलीवर, पलंगाखाली, मोजे ठेवलेला बेसेक! आम्हा पोरांना मिळालेले मोजणीत असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाकीच्या पाच जणांनी मुकाट्याने आणून ठेवले होते. मी गप्प बसले असते तर पैज जिंकत होते, हेही त्या क्षणी मला दिसलं. माईक दोन हातांवर होता. पण बू सुकेसींचे हात पुन्हा पोटाशी गेले होते.

मी धावले. खोलीवर मोजे पलंगावर ओतले. पण रिकामा कसा न्यायचा? खोलीत खायला एवढंच होतं, नूडल्सचं पाकीट, प्लॅस्टिकचं. ते दातओठ खात तिथेच ठेवून दिलं आणि घरमालकीणबाईंच्या अंगणात गेले. आंबट बिलंबीचं झाड बुंध्यापासून लगडलं होतं. "बू, ओंजळभर घेते हं!" म्हणून ओरडले आणि उत्तराची वाट न बघता तोडत सुटले.

परत आले तेव्हा टाळ्या वाजत होत्या, सभा संपत होती. मी बेसेक त्यांच्यापुढे ठेवला. धाप इतकी लागली होती की माझ्याकडे कोणाचाच आवाज उरला नव्हता.

बू सुकेसींनी झाकण उघडलं. बिलंबी पाहिली. मग बेसेक नाकाशी नेला.

"नदुक, यात मोजे होते का?"

"धुतलेले होते, बू."

"तर मग साबण बदल."

पाक मार्गोनोंनी मास गालिहच्याच पाठीवर कागद ठेवून सही केली. 'तत्त्वतः' म्हणाले नाहीत. मास गालिह हलायला तयार नव्हता, शाई वाळेपर्यंत ओणवाच राहिला.

मागच्या व्हरांड्यात बेसेकांत नवी पानं पडली, खाऊ भरला गेला, लोक रांगेत आले. मी दाराशी जाऊन उभी राहिले. 'सही केली का' म्हणायला तोंड उघडलं, पण तो आवाज माझा नव्हता, आणि पैज पैज असते. म्हणून नुसतंच विचारत गेले, घरी कोण आहे, घरी कोण आहे. पहिल्या दहा जणांना माझी भाषणातल्यासारखी थरथर ऐकू गेली असेल. नंतर जमलं.

रांगेत सगळ्यात शेवटी बू सुकेसी होत्या. आयुष्यात पहिल्यांदा दाराच्या त्या बाजूला. हजेरीची सही करून आल्या होत्या, बोटाला शाई होती.

"घरी कोण आहे, बू?"

"आई आहे," त्या म्हणाल्या. "आज विचारेल, कोणाची मीटिंग होती म्हणून."

मी त्यांच्या हातात बेसेक दिला. मोज्यांचा नव्हता, तो मी ओळखून बाजूला ठेवला होता. त्यांनी तो उघडला नाही. दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि निळ्या मोटरसायकलकडे गेल्या.